गुरुवारची तिकिटं

तीस वर्षं मी बसमध्ये लोकांची तिकिटं तपासली. त्यामुळे माणूस खोटं बोलतोय हे मला त्याच्या तोंडावरून नाही, हातांवरून कळतं. ज्याच्याकडे तिकीट असतं तो खिशात हात घालतो आणि काढून दाखवतो. ज्याच्याकडे नसतं तो आधी डावा खिसा चाचपतो, मग उजवा, मग पिशवी, मग पुन्हा डावा, आणि एवढा वेळ चेहरा असा ठेवतो, जणू तिकिटानंच त्याला दगा दिलाय. डेपोत मला 'घार' म्हणायचे. मला ते नाव आवडायचं, हे आता सांगायला हरकत नाही. बायको म्हणते, "निवृत्त झालात तरी घरात बिनतिकीट प्रवासी शोधत असता."

त्या तीस वर्षांत एकच केस मला सुटली नाही, म्हणून ती लक्षात राहिली. नोकरीला लागून सात-आठ वर्षं झाली असतील. गुरुवारी माझी ड्युटी सात नंबरच्या मार्गावर असायची. त्या बसमध्ये साठीची एक बाई दिसायची. राखाडी शाल, कापडी पिशवी, खिडकीजवळची तिसरी सीट. तिकीट नेहमी बरोबर, तेही शेवटच्या थांब्यापर्यंतचं. पण शेवटच्या थांब्यावर, पाण्याच्या टाकीपाशी, ती उतरायचीच नाही. कंडक्टरकडून परतीचं तिकीट घ्यायची आणि बसल्या जागी माघारी जायची. टाकीपर्यंत जाऊन न उतरणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. माझी खात्री पटली की ही खिसेकापूंच्या टोळीतली आहे. ही सावज हेरते आणि हात दुसराच कोणीतरी मारतो.

एका गुरुवारी मी तिला मंडईच्या थांब्यावर उतरवलं आणि आमच्या चौकीत नेऊन स्टुलावर बसवलं. पिशवी रिकामी करायला लावली. आत दोन संत्री, चष्म्याचं घर आणि एक रुमाल निघाला. कुठून आलात विचारलं, तर म्हणाली, पलीकडून. कुठे जाता, तर शेवटच्या थांब्याला. तिथे काय आहे, तर काही नाही. घरी कोण असतं विचारल्यावर मात्र जरा मोकळी झाली. मुलगी आहे, मुलगा आहे. मुलगा सरकारी नोकरीत आहे, चांगला आहे. मी म्हटलं, "मग त्याला सांगा, आईला असं एकटं फिरू देत जाऊ नको." ती बरं म्हणाली आणि एक संत्रं माझ्यापुढे धरलं. "ड्युटीवर असताना प्रवाशाकडून काही घेत नाही," असं सुनावून मी ते परत तिच्या पिशवीत टाकलं.

संशयावरून उतरवलेल्या प्रवाशाकडे काही सापडलं नाही, तर त्याला त्याच तिकिटावर पुढच्या बसनं जाऊ द्यायचं, असा आमचा नियम होता. त्यासाठी तिकिटाच्या मागे तारीख टाकून तपासनिसानं पूर्ण सही करायची. एरवी तपासलेल्या तिकिटाच्या पाठीवर आम्ही लाल-निळ्या पेन्सिलीनं नुसता बिल्ला नंबर ओढायचो. माझा एकशे सत्तेचाळीस. मी सही केली, ती पुढच्या बसनं गेली, आणि पुढच्या गुरुवारी पुन्हा तिसऱ्या सीटवर हजर. दोन-तीन वर्षांनी ती दिसेनाशी झाली. मी समजलो, टोळीनं मार्ग बदलला.

आता मूळ गोष्ट. गेल्या वर्षी आमच्या नगरपालिकेला शंभर वर्षं झाली, तेव्हा वाचनालयाच्या हॉलमध्ये जुन्या घरांच्या वंशावळी लावायचं ठरलं. अट एकच: वंशावळीतल्या प्रत्येक नावापुढे एक तरी कागद हवा. जन्माची नोंद, मृत्यूची नोंद, शाळेचा दाखला, काहीही चालेल, पण कागद हवा. ही अट वाचून बऱ्याच घराण्यांचा उत्साह मावळला. माझा वाढला. पुरावा मागणारं माझ्याशिवाय या गावात कोणीतरी आहे, याचंच मला बरं वाटलं.

वडील, आजोबा, पणजोबा हे सगळे आठवड्याभरात सापडले. राहिली आई. मी आठ महिन्यांचा असताना ती तापानं गेली. मला तिचा चेहरा माहीत नाही, घरात फोटो नाही. मला वाढवलं ताईनं. ताई माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. शाळा सोडून तिनं शिवणाचं मशीन धरलं, लग्न केलं नाही, माझं सगळं केलं. मी एकोणीस वर्षांचा असताना वडील गेले. तेव्हापासून माझं मोठं माणूस म्हणजे ताईच. साऱ्या जगात एकाच माणसाकडे मी कधी तिकीट मागितलं नव्हतं, ते म्हणजे ती.

आमचं अभिलेखागार कोर्टाच्या मागे आहे. खाली कागदांची गोदामं, वर वाचनकक्ष. पिशवी बाहेर ठेवायची, शाईचं पेन आत न्यायचं नाही, एका वेळी दोनच रजिस्टरं मागायची आणि पान उलटताना बोटाला थुंकी लावायची नाही. सुटे कागद उडतात म्हणून पंखा बंद. टेबलामागे एक चाळिशीची बाई बसते, गळ्यात दोरीला भिंग अडकवलेलं. मी मनात तिचं नाव भिंगवाली ठेवलं. तिनं माझ्या शर्टाच्या खिशाकडे बोट केलं.

"काका, ही पेन्सिल इथे ठेवावी लागेल. रंगीत चालत नाही."

माझी लाल-निळी पेन्सिल. निवृत्तीनंतरही खिशात असते, सवय म्हणून. तिनं ती हातात घेतली, फिरवून दोन्ही टोकं पाहिली आणि विचारलं, "नोकरी कुठे केलीत?"

"बसमध्ये. तिकीट तपासनीस."

"अच्छा," म्हणाली. बाकीच्यांची पेनं समोरच्या ट्रेमध्ये पडली होती. माझी पेन्सिल तिनं ड्रॉवरमध्ये ठेवली आणि ड्रॉवर बंद केला. पेन्सिलीत पाहण्यासारखं काय असतं? मी तिथेच सावध झालो.

मी आईचं नाव लिहून मृत्यूच्या नोंदीचं रजिस्टर मागितलं. मागणीपत्र वाचताना तिचे डोळे नावावर थांबले, वर झाले आणि लगेच खाली गेले. रजिस्टर आलं. ज्या वर्षी आई गेली, त्या वर्षात तिची नोंद नव्हती. मी तीन वर्षं मागे गेलो, तीन वर्षं पुढे आलो. गावातली सगळी माणसं मरून ओळीनं उभी होती, माझी आई तेवढी गैरहजर. मग मी पानांचे आकडे तपासले. शिवणीच्या खाचेतून बोट फिरवलं, कुठे कापलेल्या पानाचा काठ लागतो का ते बघायला.

"पान कापलेलं नाही काका," भिंगवाली टेबलामागूनच म्हणाली. "मी मोजून बघितलीत."

मी काही विचारलं नव्हतं. न विचारता उत्तर देणाऱ्या प्रवाशाला मी तीस वर्षांत कधी सोडलं नाही. आणि हिनं याच रजिस्टरची पानं मोजायचं कारण काय?

घरी न जाता मी सरळ ताईकडे गेलो. ती आमच्या पलीकडच्या गल्लीत राहते. पंच्याहत्तरीतही मशीनवर बसते, शाळांचे गणवेश शिवते. मी नोंद सापडत नाही म्हटलं.

"राहिलं असेल नोंदवायचं," ती म्हणाली. "तेव्हा कुठे एवढं कोण बघत होतं?"

वडील पोस्टात कारकून होते. औषधाची बाटली फोडली की तिच्यावर तारीख लिहिणारा माणूस. तो बायकोचं मरण नोंदवायचं विसरेल? मी हे बोललो नाही, कारण मी ताईचे हात बघत होतो. ती कात्री शोधत होती. मशीनच्या खणात बघितलं, कापडाखाली बघितलं, खिडकीत बघितलं, पुन्हा खणात बघितलं. कात्री तिच्या मांडीवर होती.

डावा खिसा, उजवा खिसा, पिशवी, पुन्हा डावा खिसा. हे मी हजारो वेळा पाहिलेलं होतं, आणि प्रत्येक वेळी पुढे काय निघतं हे मला माहीत होतं. त्या दिवशी मी चहा न घेता उठलो. ताईनं थांब म्हटलं नाही, हेही मी मनात टिपून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी वाचनकक्षाच्या दाराशी आलो तर भिंगवाली फोनवर बोलत होती. "हो, काल आले होते. नाही, मी काहीच बोलले नाही. नाही हो, मला बोलताच येत नाही." मला बघून तिनं फोन ठेवला. आता संशयाला जागाच उरली नाही. नोंद आहे, ती लपवलेली आहे आणि ही बाई त्यात सामील आहे. मी खुर्ची ओढून तिच्यासमोर बसलो.

"मॅडम, माझ्या आईचं काय लपवताय तुम्ही?"

ती रागावली नाही. भिंग पदरानं पुसत म्हणाली, "काका, आमचं काम असं आहे, वाचक मागेल ते द्यायचं. न मागितलेलं सुचवायचं नाही. काही दप्तरं बंद असतात. त्यांत कोणाचं नाव आहे, हे आपणहून सांगायला आम्हाला मनाई आहे. सख्ख्या नातेवाइकालासुद्धा. त्यानं त्या दप्तराचं नाव घेऊन मागितलं, तरच."

"मग मी काय मागू?"

"तेही नाही सांगता येत."

असं म्हणून तिनं कपाटातून एक जाड सूची काढली, अभिलेखागारात काय काय आहे त्याची. ती माझ्यापुढे ठेवली आणि पाणी प्यायला म्हणून बाहेर गेली. पाणी प्यायला कोणाला वीस मिनिटं लागत नाहीत, एवढं मलाही कळतं. मी पहिल्या पानापासून बोट खाली आणायला लागलो. शाळा, तुरुंग, दवाखाने, पाणीपुरवठा. चौथ्या पानावर बोट थांबलं: मनोरुग्णालय, आठ वर्षांपूर्वी बंद, रुग्णांच्या फायली, फक्त सख्ख्या नातेवाइकांसाठी.

गावात त्याला मोठ्या भिंतीचं हॉस्पिटल म्हणायचे. सात नंबरची बस तिथूनच सुटायची. भिंतीपाशी मी हजार वेळा उतरलो असेन, पण तिच्या आत कधी गेलो नव्हतो. मी मागणीपत्र लिहिलं. नात्याच्या रकान्यात 'मुलगा' लिहिलं. भिंगवाली परत आली, तिनं ते वाचलं आणि इतक्या चटकन शिक्का मारला की शिक्का तिच्या हातातच तयार होता की काय, असं वाटलं. फाईल तर तिच्या मागच्या कपाटातच होती.

फाईल पातळ होती. मी आठ महिन्यांचा असताना आईला वडिलांनी तिथे दाखल केलं होतं. बाळंतपणानंतर झोप नाही, एकटीच बोलते, बाळाला हात लावायला घाबरते, असं पहिल्या पानावर लिहिलेलं. सहा वर्षांनंतरची नोंद: बरी आहे, घरी पाठवण्यास हरकत नाही, पतीस कळवले. पुढच्या वर्षी: पतीस कळवले, उत्तर नाही. त्याच्या पुढच्या वर्षी तेच. मग नुसतं 'उत्तर नाही.' मग: शिवण विभागात कामाला लावले, गुरुवारी दुपारी बाहेर जाण्याची परवानगी. शेवटची नोंद निमोनियाची. त्या वर्षी मी चौतीस वर्षांचा होतो. मला नोकरी होती, बायको होती, एक मुलगी होती आणि आईही होती, आणि त्यातलं शेवटचं मला कोणी सांगितलं नव्हतं.

फाईलच्या पाठीला एक चिठ्ठी असते. ज्यानं ज्यानं फाईल पाहिली त्याची तारीख आणि सही. माझ्या आधी एकच सही होती, आठ वर्षांपूर्वीची. ती सही मी माझ्या प्रगतिपुस्तकांवर दहा वर्षं पाहिली होती. ताईची.

त्याखाली कार्यालयाची एक ओळ: बंद पाकीट एक. मुलास द्यावे, इतरांस देऊ नये.

"पाकीट देऊ?" भिंगवालीनं विचारलं. मी नको म्हटलं. मला तेव्हा पाकीट नको होतं, मला ताई हवी होती.

ताईनं मला दारात बघितलं आणि मशीन थांबवलं. मी बसलो नाही.

"त्या बाईला फोन तूच केलास ना?"

"हो. तू तिकडे गेलायस कळल्यावर केला. आठ वर्षांपूर्वी हॉस्पिटल बंद झालं तेव्हा तिथून पत्र आलं होतं मला, कागद अभिलेखागारात दिलेत म्हणून. तेव्हापासून ओळख आहे."

"आई मेली म्हणून तू मला सांगितलंस."

"बाबांनी सांगितलं. सगळ्या गावाला. मी तेरा वर्षांची होते, मला म्हणाले, तुझ्या भावाला वेडीचा मुलगा म्हणवून घ्यायचंय का? मी नाही म्हटलं." ती कापडाची घडी घालत होती, उलगडत होती, पुन्हा घालत होती. "मग ती बरी झाली. पण मेलेलं माणूस घरी आणायचं कसं, हे बाबांना कळेना."

"बाबा गेल्यावर? पंधरा वर्षं होती ती जिवंत. पंधरा वर्षं तू काय केलंस?"

"दर रविवारी जायचे, तुला गिऱ्हाइकाकडे जाते सांगून. आणि दर वर्षी म्हणायचे, पुढच्या वर्षी त्याला सांगेन. तुझं शिक्षण होऊ दे, नोकरी लागू दे, लग्न होऊ दे." मग ती माझ्याकडे सरळ बघून म्हणाली, "आणि मला तुझी भीती वाटायची. तू लहानपणापासून असा. एकदा विचारायला लागलास की सोडत नाहीस. एवढी वर्षं का नाही सांगितलंस, याला माझ्याकडे तिकीट नव्हतं."

मला आठवलं, मी चौतीस वर्षांचा असताना ताई एकदा मशीनचा पार्ट आणायला म्हणून सकाळीच गेली होती आणि संध्याकाळी पार्ट न घेता परत आली होती. डोळे सुजलेले. ऊन लागलं म्हणाली. मला संशय आला नाही. आयुष्यात तेवढ्या एका माणसाचा तोवर कधी आला नव्हता.

"पाकीट घेतलंस?" तिनं विचारलं. "मला नाही दिलं त्यांनी. ते तुझ्या नावाचं आहे."

मी म्हटलं, "आयुष्यभर माझ्या घरात बिनतिकीट बसलीस तू." हे वाक्य मी त्या बाईला बोललो, जिनं माझ्यासाठी शाळा सोडली होती. लिहितानाही लाज वाटते. मी निघून आलो.

चार दिवस मी ताईच्या गल्लीतून गेलो नाही. कपाटातली जुनी पत्रं काढून बायकोलासुद्धा विचारलं, तुला हे माहीत होतं का म्हणून. तिनं नाही म्हटलं तर मी तिच्या हातांकडे बघत बसलो. ती भाजी निवडत होती. शेवटी तिनं भाजी बाजूला ठेवली.

"माझे हात बघून झाले असतील तर जा आणि ते पाकीट घेऊन या. आधी पुरावा बघायचा, मग माणसाला खाली उतरवायचं, असं तुम्हीच सांगत असता ना सगळ्यांना?"

पाचव्या दिवशी गेलो. भिंगवालीनं पाकीट माझ्यासमोर फोडलं. आतल्या वस्तूंची यादी तिच्याकडे होती. वस्तू जुळवून घ्यायच्या आणि मी खाली सही करायची. पहिली वस्तू, चष्म्याचं घर. ते टेबलावर आलं आणि मला आपण ते कुठेतरी पाहिलंय असं वाटलं, पण कुठे ते आठवेना. दुसरी आणि तिसरी वस्तू, शिवणाच्या दोऱ्यानं बांधलेले तिकिटांचे दोन गठ्ठे.

बसची तिकिटं मी झोपेत ओळखतो. पातळ कागद, फिकट गुलाबी रंग, म्हणजे संपूर्ण मार्गाचं भाडं. सात नंबर. पहिल्या गठ्ठ्यातलं एक मी उलटं केलं. पाठीवर लाल पेन्सिलीनं ओढलेलं होतं, एकशे सत्तेचाळीस. दुसरं उलटं केलं. एकशे सत्तेचाळीस, निळ्यानं. तिसरं, चौथं, दहावं. माझा सात मी शेपटी ओढून काढतो. प्रत्येकावर ती शेपटी होती.

दुसरा गठ्ठा दुप्पट जाड होता. त्यातली तिकिटंही जातानाचीच, पण सगळी मागून कोरी. मला कळायला वेळ लागला नाही, तपासनिसाला हे लगेच कळतं. ते गुरुवार, जेव्हा मी रजेवर होतो किंवा पुढच्या-मागच्या बसमध्ये चढलो होतो. टाकीपर्यंत जाऊन ती तशीच माघारी गेली होती. मी जितक्या वेळा दिसलो, त्याच्या दुप्पट वेळा दिसलो नव्हतो, आणि तिनं दोन्ही वेगवेगळं बांधून ठेवलं होतं.

"यादी आठ वर्षांपूर्वी मीच केली," भिंगवाली हळूच म्हणाली. "पहिल्या गठ्ठ्यातल्या प्रत्येक तिकिटाच्या मागे लाल-निळी खूण, असं लिहिलं होतं मी. कसली खूण ते मला कळलं नव्हतं. त्या दिवशी तुमच्या खिशात पेन्सिल बघितली तेव्हा कळलं. गावात सगळे म्हणायचे त्या कधीच गेल्या, म्हणून मृत्यूच्या रजिस्टरची पानंसुद्धा मी तेव्हाच मोजली होती. मलाही वाटलं होतं, कोणीतरी काहीतरी लपवतंय."

यादीत चौथी वस्तू होती, एक सुटं तिकीट. प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेलं. घडीवर झिजून पारदर्शक झालेलं, इतक्या वेळा ते उघडलं आणि मिटलं गेलं होतं. मागे तारीख होती आणि माझी पूर्ण सही.

"ही सही तुमचीच का? तसं लिहावं लागतं."

तीस वर्षं मी लोकांना विचारत आलो, हे तिकीट तुमचंच ना? "माझीच आहे," मी म्हटलं. मग राखाडी शाल आठवली, स्टूल आठवलं, माझ्यापुढे धरलेलं संत्रं आठवलं. मी त्या वाचनकक्षात मोठ्यानं रडलो. भिंगवालीनं आधी तिकिटं माझ्यासमोरून बाजूला सरकवली, कागदावर पाणी पडू नये म्हणून, आणि मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. जाताना तिनं माझी पेन्सिल ड्रॉवरमधून काढून परत दिली. मला ती खिशात ठेववेना, मी ती हातातच धरून चालत राहिलो.

ताई ओट्यापाशी उभी होती. मी म्हटलं, "त्या दिवशी मी जे बोललो..."

"आधी बस," ती म्हणाली.

मी बसलो. दोन्ही गठ्ठे आणि ते सुटं तिकीट तिच्यापुढे ठेवलं. ताईनं गठ्ठ्याची गाठ बघितली आणि म्हणाली, "तिचीच गाठ आहे. दोनदा फिरवून मारायची." मी गुरुवारी सात नंबरवर असतो, हे ताईनंच आईला सांगितलं होतं. त्याच्या बदल्यात आईनं तिला शब्द दिला होता, की बसमध्ये ओळख दाखवणार नाही. आईनं तो पाळला होता.

मग मी सांगितलं, जे मला कोणालाच सांगायचं नव्हतं. "मी तिला खाली उतरवलं होतं, ताई. चोर समजलो मी तिला. चौकीत नेऊन चार माणसांसमोर तिची पिशवी उलटी केली. आईला एकटं फिरू देऊ नको म्हणून मुलाला सांगा, असं तिलाच बोललो."

"माहीत आहे मला."

"तिनं सांगितलं तुला?"

"त्याच रविवारी. मी गेले तर फाटकापाशी येऊन उभी होती, आत जाईपर्यंत दम नव्हता. इतकी खूश मी तिला कधीच पाहिली नाही. म्हणाली, तो माझ्याशी दहा मिनिटं बोलला. घरी कोण कोण असतं विचारलं. माझ्यासाठी सही करून दिली. संत्रं घेतलं नाही, पण ते बरोबरच आहे म्हणाली, ड्युटीवर घ्यायचं नसतं." ताईनं डोळे पुसले. "नंतर कितीतरी दिवस तेच सांगत होती. दहा मिनिटं बोलला म्हणून."

मी ते तिकीट हातात घेऊन तारीख पुन्हा वाचली. मंडईच्या थांब्यावर सात नंबरची पुढची बस सहा मिनिटांनी यायची. ते वेळापत्रक मला अजून पाठ आहे. सहाच मिनिटं झाली असतील, त्याहून जास्त नाही. ताईला मी ते सांगितलं नाही.